दयारामची काठी आणि सोनूबाईचं ताट

तो फोन सोनूबाईनं उचलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती मागच्या तलावावर पाळलेल्या जिताडा माशाला जवळा घालायला गेली होती, आणि फोन वाजला तो नेमका तिच्या नवऱ्याच्या, दयारामच्या मांडीखाली.

फोन होता रेवसकडच्या मोरूशेठ म्हात्र्यांचा. मोरूशेठ म्हणजे दिपेशचा बाप, आणि दिपेश म्हणजे दयारामच्या पोरीसाठी, अमिषासाठी बघितलेला मुलगा. बघितलेला आपलं म्हणायचं. पोरांनी एकमेकांना वर्षाआधीच बघून ठेवलं होतं, आता थोरल्यांनी जेवून फक्त मान हलवायची बाकी होती. मोरूशेठ भल्या स्वभावाचे. म्हणाले, रविवारी येतो, जास्त काय करू नका, तुमच्या तलावातल्या जिताड्याचं कालवण झालं तरी बास.

इथं एक सांगून ठेवतो. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात दारात गाडी नसली तरी चालतं, पण घरामागं तलाव लागतो आणि तलावात जिताडा लागतो. सायबाकडं काम असो का सोयरिकीची बोलणी असो, जिताडा ताटात पडल्याबिगर माणूस तोंड उघडत न्हाय. सोनूबाईनं आपला जिताडा बोटाएवढा असताना आणला होता. तीन पावसाळे खायला घालून हाताएवढा केला. सकाळ-संध्याकाळ काठावर उभी राहून ताटावर पळीनं तीन ठोके मारायची, की तो काळ्या पाठीचा बाबा वर यायचा. तो अमिषाच्या साखरपुड्याला राखलेला. त्याच्या आधी त्याला हात लावणारा माणूस त्या घरात जन्माला आला नव्हता.

म्हणजे दयारामनं फोनवर एवढंच बोलायचं होतं, की शेठ, तलावातला साखरपुड्याला ठेवलाय, रविवारी दुसरा आणतो. संपला विषय. पण सरळ बोलंल तर तो दयाराम कसला.

"तलावातला?" तो म्हणाला. "तलावातला म्हंजे बायकांनी पाळलेला, शेठ. तुम्हाला खाडीतला खायाला घालतो. सोताच्या हातानं गळाला लावून."

(गळाला जिताडा त्यानं आयुष्यात एकदा लावला होता. बारा वर्षांचा असताना. आणि तेव्हाही काठी बापानं धरली होती, याच्या हातात टोपली होती. पण फोनवर माणूस किती तपशील सांगणार.)

मोरूशेठ खूश झाले. पुढं आपल्या थोरल्या पोरीचं काहीतरी सांगायला लागले, ती अलिबागला दुकानात कामाला हाय, तिला पण या गोष्टींचा लय नाद, घरात तिचा शब्द मोडत न्हाय, असलं कायबाय. दयारामनं "व्हय, व्हय" केलं. ऐकलं काडीचं न्हाय. त्याच्या डोळ्यांसमोर तोवर जिताडा उसळी मारत होता.

सोनूबाई आली, तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात न लावता नुसती भिंतीला टेकली. कारण याच्या आधीचं एक ठिकाण याच्या तोंडानंच गेलं होतं. त्या मुलाचा मामा जेवताना एवढंच म्हणाला होता, की भात जरा आसट झालाय. दयारामनं त्याला हायवेवरच्या हाटेलाचा पत्ता सांगितला, तोही उभं राहून. पाव्हणे गेले, ते गेलेच. अमिषा चार दिवस बापाशी बोलली नव्हती. पेणला लॅबमध्ये कामाला जायची, यायची, जेवायची, पण एक शब्द न्हाय. अठ्ठावीस वर्षं बंदरावर ट्रेलर चालवला, घाटात ब्रेक गेला तरी न घाबरलेला माणूस, पण त्या चार दिवसांत वाळलेल्या बोंबलासारखा झाला होता.

या वेळी अमिषा एवढंच म्हणाली, "बाबा, रविवारी आवाज चढवू नका. आणखी काय मागत न्हाय मी."

"चढवला तर नाव बदलीन," दयाराम म्हणाला. हे पण चढ्या आवाजातच.

दुसऱ्या दिवशी तो काठी घ्यायला अलिबागला गेला. गुडघ्यानं क्लच दाबायचं नाकारल्यापासून तो घरीच होता, त्यामुळं वेळेची काय कमी नव्हती. दुकानात काचेच्या मागं काठ्या अशा उभ्या होत्या जशा देवळात समया. लांब, आखूड, जाड, बारीक. दयारामच्या लहानपणी काठी म्हणजे बांबू आणि दोरा म्हणजे दोरा. इथं प्रत्येक काठीवर आकडे, प्रत्येक दोऱ्यावर आकडे. त्याचं डोकं गरगरलं, पण चेहरा त्यानं असा ठेवला जसा काय तो इथं रोज येतो.

काउंटरवर चष्मेवाली एक पोरगी होती. तिनं सरळ विचारलं, कुठं मारणार, खाडीत का नदीत, कोणता मासा, याआधी काय वापरत होता. चांगल्या डाक्टरासारखं एकेक विचारत होती. आणि दयारामला तर डाक्टरांचा पण राग येतो.

"काका, बऱ्याच वर्षांनी परत सुरू करताय का?" ती म्हणाली. "तसं असंल तर सांगा. त्यात लाजायचं काय. तशी साधी काठी देते, महिनाभरात हात बसंल."

आता एवढं मायेनं विचारल्यावर माणसानं व्हय म्हणावं. दयाराम म्हणाला, "रोज मारतो मी. तू जन्माला यायच्या आधीपासून मारतो."

आणि त्यानं बोट दाखवलं ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात बारीक, सगळ्यात महागड्या काठीकडं. चार तुकड्यांत, कापडी पिशवीत, मुठीला बुचाचं लाकूड. पोरगी म्हणाली, ती फ्लाय रॉड हाय काका, मुंबईच्या एका सायबानं मागवली न् नेली न्हाय. डोंगरातल्या नदीतल्या माशांसाठी असते ती. गळाला वजन नसतं, नुसती पिसांची खोटी माशी असते, सगळं काम जाड दोरीचं. दोरी आधी सगळी पाठी फेकायची, मग पुढं. जेवढी पुढं जाते तेवढीच पाठी जाते. म्हणून टाकायच्या आधी पाठीमागं बघायचं.

"दयाराम पाटील पाठीमागं बघत न्हाय," दयाराम म्हणाला. पुढं आणखी पण बोलला. गिऱ्हाईकाला शिकवायला बसवलंय का विकायला, पोरींना यातलं काय कळतं, मालकाला बोलव. अर्धं दुकान ऐकत होतं. पोरीनं चष्मा वर सरकवला, काठी बांधली, सोबत पिसांच्या सहा माश्यांची डबी दिली आणि "या काका" म्हणाली. त्या "या काका" मध्ये काय होतं ते त्याला बाईकवर वडखळपर्यंत टोचत होतं. पण टोचलं की तो गाडी जोरात हाणायचा, तेवढाच त्याला इलाज ठाऊक.

पहिल्या दिवशी घरामागं सराव केला. पहिली माशी नारळात अडकली. अजून तिथंच हाय, वाऱ्यावर हलते. दुसरी सोनूबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यात. तिसरी कमलेशच्या कोंबड्याला लागली. कमलेश म्हणजे शेजारी, पिढीजात पाग टाकणारा. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, त्याच्या हातातून असं उघडतं जसं सुगरणीच्या हातून घावन. तो कुंपणावर हात ठेवून म्हणाला, "दादा, राहू दे ती काठी. शनिवारी मी खाडीत जातोय, तुला एक काढून देतो."

दयारामनं त्याला त्याच्या पागेसकट, कोंबड्यासकट आणि पिढीसकट काय काय ऐकवलं. कमलेशनं कोंबडा काखेत मारला आणि गेला.

चौथी माशी दयारामच्याच पाठीत घुसली. सोनूबाईनं सदरा कापून काढली. काढताना एक शब्द बोलली न्हाय. ती बोलत नसली की दयारामला जास्त भ्या वाटतं, पण त्या दिवशी त्याला कळलं न्हाय की ती मनात काहीतरी ठरवतेय.

शुक्रवार न् शनिवार तो उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातलं दार, भरतीचं पाणी तिथनं आत-बाहेर करतं, जिताडा असलाच तर तिथंच असतो. असेल. दयारामला दिसला न्हाय. दोन दिवस त्याची दोरी पाण्यावर कमी आणि त्याच्या गळ्यात जास्त होती. चिखलातल्या निवट्या मासोळ्या पोटावर बसून त्याच्याकडं बघत होत्या. पाचवी माशी कांदळाच्या झुडपात गेली. शनिवारी सांजच्याला तो चिखलानं भरलेला घरी आला तेव्हा डबीत एक लाल माशी उरली होती, आणि उद्या रविवार होता.

घरात अमिषा कपाटातनं साडी काढून आरशासमोर धरत होती. त्याला बघून हसली. "भेटला बाबा?"

"उद्या पहाटं भेटणार," तो म्हणाला. आवाज चढला न्हाय. चढायला अंगात काय उरलंच नव्हतं.

रविवारी पाव्हणे अकराला येणार होते. आठ वाजता सोनूबाई देवीची ओटी भरायला गेली. अमिषा न्हाणीत. दयाराम पहाटं उघाडीवरनं रिकाम्या हातानं आला होता, तो ओट्यावर बसून एकदा काठीकडं बघायचा, एकदा मागच्या तलावाकडं. आणि मग त्याच्या डोक्यात ते आलं. जे येऊ नये ते डोक्यात येताना लय शाणं वाटतं. मासा तोच. पाणी खारंच. गळाला लागला म्हणजे लागला, खाडीचा का तलावाचा हे काय माशाच्या कपाळावर लिहिलंय? सोनूबाईला सांगता येईल, की उधाणाच्या पाण्यात बांधावरनं निसटला असंल, आणि मीच त्याला खाडीत गाठला.

(तीन वर्षं एका बाईनं हातानं भरवलेला मासा चोरायचा, आणि वर तिलाच त्याची शिकारीची गोष्ट सांगायची. लिहितानाच मला घाम फुटतो. त्याला तेव्हा फुटला न्हाय.)

माशी टाकली. जिताड्यानं ढुंकून बघितलं न्हाय. परत टाकली. शेवटी दयाराम सैपाकघरात गेला, सोनूबाईचं ताट आणलं, तिची पळी आणली. इकडं तिकडं बघितलं. ताट पोटाशी धरून हळूच, अगदी लाजत, तीन ठोके मारले.

पाणी हललं. काळी पाठ वर आली. रोजच्या वेळेला, रोजच्या जागी, विश्वासानं.

दयारामनं ताट न् पळी काखेत घातली, काठी उचलली आणि दोरी पाठी फेकली. पाठी काहीतरी जड लागलं. झुडूप असंल म्हणून त्याला संताप आला, आणि संताप आला की तो ओढतो. दोन्ही हातानं, दात खाऊन असा हिसका मारला की डोक्यावरनं एक पांढरं पाखरू गेलं आणि तलावाच्या मधोमध चप्पकन बसलं. जिताडा बुडाला.

"कुठल्या भिकारड्याचा बगळा मधी कडमडला रे," दयाराम ओरडला. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

बगळा काय उडेना. नीट बघितलं तर ती टोपी होती. कडक इस्त्रीची, पांढरी, आणि कडेला लाल पिसांची माशी. मग दयाराम पाटलानं त्या आठवड्यात पहिल्यांदा पाठीमागं बघितलं.

मोरूशेठ उभे होते, उघड्या डोक्यानं, टाळूवर हात ठेवून. बाजूला त्यांची बायको. तिच्या मागं दिपेश. गल्लीत खडी पडली होती म्हणून ते गाडी बांधावर लावून तलावाच्या पायवाटेनं आले होते, आणि लवकर का आले तर दयाराम मासा धरताना बघायला मिळावा म्हणून. मोरूशेठनी एकदा तलावाकडं बघितलं, एकदा काखेतल्या ताटाकडं.

"पाटील," ते म्हणाले, "ही खाडी का?"

दयारामनं ताट काखेत आणखी घट्ट दाबलं. आणि तेवढ्यात दिपेशच्या मागनं चौथं माणूस पुढं झालं, चष्मा वर सरकवत. दुकानातली पोरगी. फोनवर सांगितलेली ती थोरली, जिचा शब्द घरात मोडत न्हाय. नूतन.

तिनं चप्पल काढली, पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरून वेळूनं बापाची टोपी ओढून घेतली. दयारामच्या काखेतनं पळी पडली, तिचा आवाज झाला. तलावात काळी पाठ परत वर आली आणि याच्याकडं बघून उभी राहिली. तो मासा तेव्हा तिथं नसता तर बरं झालं असतं.

सोनूबाई देवळातनं आली ती नेमकी याच वक्ताला. तिनं टोपी बघितली, ताट बघितलं, नवरा बघितला. आणि असं बोलली जसं काय झालंच न्हाय. म्हणाली, हे जिताड्याला खायाला घालत होते. तुमचा मासा पहाटंच आणला यांनी खाडीतनं, आत झाकून ठेवलाय. आत चला.

दयाराम तिच्या मागं सैपाकघरात गेला. झाकलेल्या पातेल्यात खरंच जिताडा होता.

"कुठनं?" तो कुजबुजला.

"ज्या दिवशी ती काठी घरात आली," सोनूबाई मसाला वाटत म्हणाली, "त्याच दिवशी कमलेश भावजींना सांगून ठेवलं. तुम्ही त्यांना शिव्या दिल्यावर परत जाऊन हात जोडले. आता गप बसा न् जेवा."

पंगत बसली. मोरूशेठना दयारामची जुनी टोपी दिली होती, ती त्यांच्या कानापर्यंत येत होती, त्यामुळं ते जेवताना मान वर करून बघायचे. कालवण भुरकलं आणि म्हणाले, असं कालवण बरेच दिवसांनी खाल्लं. कुठं लागला, पाटील?

दयारामनं वर बघितलं. सोनूबाईची वाढायची पळी हवेत थांबली होती. अमिषा दारात उभी होती, तीच कालची साडी नेसून.

"उघाडीवर," दयाराम म्हणाला. आणि थांबायला पाहिजे होतं. पण पहिलं खोटं पचलं की माणसाला भूक लागते. त्यानं भरती सांगितली, वारा सांगितला, मासा कसा दोनदा दोरी तोडायला बघत होता ते हात पसरून सांगितलं.

"कोणत्या माशीवर घेतला, काका?" नूतननं विचारलं.

"लाल."

"लाल बाबांच्या टोपीत हाय," ती म्हणाली. टोचून न्हाय. जशी दुकानात बोलली होती तशीच, हळू.

दयारामच्या कानशिलात रक्त चढलं. हे त्याच्या ओळखीचं होतं. असं झालं की तो उभा राहायचा, ओरडायचा, हाटेलाचा पत्ता सांगायचा. राग गळ्यापर्यंत आला आणि कोणावर काढू म्हणून पंगतभर फिरला. मोरूशेठ, टोपी कानावर. दिपेश, मान खाली. नूतन, जिला त्यानं भर दुकानात नको ते ऐकवलं होतं. दारात अमिषा, जिनं एकच गोष्ट मागितली होती. राग सगळीकडं फिरला न् परत त्याच्याकडंच आला.

"न्हाय धरला मी," तो ताटाकडं बघून म्हणाला. आवाज एवढा बारीक, की सोनूबाईला वाटलं दुसरं कोणतरी बोललं. "कमलेशच्या पागेतला हाय. मला गळ येत न्हाय. कधीच येत नव्हता. आणि सकाळी हिचा जिताडा चोरत होतो, तुम्ही बघितलंच. नूतनताई, तुला दुकानात बोललो ते पण माझंच चुकलं. शेठ, राग धरायचा तर माझ्यावर धरा. पोरगी माझ्यावर गेली न्हाय, आईवर गेलीय."

मोरूशेठनी टोपी वर ढकलून लेकीकडं बघितलं. सगळं घर तिच्याकडं बघत होतं.

नूतननं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "काका, एवढंच दुकानात बोलला असतात," ती म्हणाली, "तर साधी काठी दिली असती, आणि आज मासा पण तुमचाच असता." मग बापाकडं वळली. "बाबा, तारीख काढा. माणूस रागीट हाय, पण खोटं बोलला की कान लाल होतात त्याचे. मला लगेच कळंल."

साखरपुडा महिन्याभरात ठरला. त्या महागड्या काठीवर आता सोनूबाईचा घेवडा चढलाय, आणि खरं सांगायचं तर त्या काठीला एवढं वजन पहिल्यांदाच पेललं.

साखरपुड्याच्या दिवशी सगळी भावकी तलावावर जमली. कमलेश पाग घेऊन उभा. मोरूशेठ दोन्ही हातांनी टोपी धरून उभे, आणि दयारामच्या पाठीमागं एक माणूस न्हाय, सगळे बाजूला. घरच्या कामाची वाटणी नूतननं केली होती. दयारामला तिनं एकच काम दिलं, कारण त्यातला अनुभव त्यालाच होता. ताट वाजवायचं.

दयाराम छाती काढून पुढं झाला. तीन ठोके दिले. पाणी हललं न्हाय. परत तीन दिले. मग पाच. मग भावकीतलं कोणतरी हसलं आणि दयारामनं असं वाजवायला घेतलं की ताटाला पोचा पडला.

सोनूबाईनं ताट त्याच्या हातातनं काढून घेतलं. "असं वाजवल्यावर मासा येईल का?" ती म्हणाली. "त्या दिवशी चोरी करताना बघा कसं नाजूक वाजवलं असंल."

तिनं हळूच तीन ठोके मारले. काळी पाठ वर आली. कमलेशनं पाग उघडली, सोनूबाईनं तोंड फिरवलं, आणि दयाराम पोचा पडलेलं ताट सरळ करत बसला.